हिशेब न दिलेल्याचा मावसभाऊ

साल २०१५, औरंगाबाद महापालिका निवडणुकीच्या तोंडावरची सकाळ. जालना रोडने येताना तुम्ही दुतर्फाचे फ्लेक्स मोजत आलात आणि चाळिसापुढे मोजणं सोडून दिलंत. ‘भावी नगरसेवक’, ‘जनतेच्या मनातला नगरसेवक’, एकावर तर नुसतंच ‘आता ठरलंय’. काय ठरलंय ते खरं म्हणजे अजून ठरायचंय. ते आज या सभागृहात ठरेल, आणि ठरवणार आहे चौथीतली एक मुलगी. महापालिकेच्या शाळेतून तिला आणलंय. दोन वेण्या, लाल रिबिनी, गणवेशाचा फ्रॉक जरासा आखूड झालेला. समोर एवढी माणसं आपल्याकडेच का बघताहेत ते तिला कळत नाहीये, आणि तिचं ते न कळणंच आज कामाचं आहे.

तुम्हाला मागे जागा मिळाली. पुढच्या रांगा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनी भरल्या आहेत. शहराचे ११३ वॉर्ड, एका वॉर्डातून एक नगरसेवक. अनुसूचित जाती-जमातींचे वॉर्ड लोकसंख्येच्या प्रमाणावरून, उतरत्या क्रमाने लागतात. नागरिकांच्या मागास प्रवर्गाचे आणि महिलांचे वॉर्ड मात्र चिठ्ठीने. टेबलावर प्लास्टिकची पारदर्शक बरणी आहे. अधिकारी एकेक चिठ्ठी वर धरून सभागृहाला दाखवतो, गुंडाळी करतो, आत सोडतो. बरणी हलवतात. मुलीला तोंड दुसरीकडे करायला सांगतात. तिचा हात कोपरापर्यंत आत जातो, तळाशी चाचपडतो, एक चिठ्ठी घेऊन वर येतो.

वॉर्डाचं नाव माइकवर येतं. “सर्वसाधारण, महिला.”

तिसऱ्या रांगेतला एक माणूस पाच सेकंद काहीच करत नाही. दोन वर्षं तो या क्षणासाठी जगला. वॉर्डातल्या बायकांना शिर्डी-शनिशिंगणापूर करून आणलं, हळदीकुंकवाला स्टीलचे डबे वाटले, पोरांच्या क्रिकेटला ट्रॉफी दिली. आजूबाजूचे त्याच्याकडे न बघता बघताहेत. मग तो खिशातून फोन काढतो, तोंडावर आडवा हात धरतो आणि हळू आवाजात विचारतो, “अगं, मतदार यादीत तुझं नाव माहेरचं आहे का सासरचं?”

उद्याच्या पेपरात मथळा ठरलेला: दिग्गजांचे पत्ते कट. पण पत्ता कट झालेला नाही. पत्ता तोच आहे, फक्त पाटीवर ‘सौ.’ लागणार आहे.

त्याचा फोन संपायची वाट बघू नका. बाहेर पडा आणि वेरूळचा रस्ता धरा. आज तो तुम्हाला मागे नेणार आहे. दिल्ली गेट ओलांडेपर्यंत सिडकोची एन-एकपासूनची घरं मावळलेली असतील. तीसुद्धा सोडतीनेच मिळाली होती, या शहरात निम्म्या संसारांची सुरुवात कुठल्या ना कुठल्या सोडतीत नाव लागण्याने झाली आहे. पुढे निजामाचं शहर जाईल, मुघलांचं जाईल, मलिक अंबरने १६१० साली वसवलेली खडकी जाईल. दौलताबादचा किल्ला देवगिरी होईल आणि मग नुसता डोंगर राहील. घाट उतरून वेरूळला पोचाल तेव्हा साल असेल ९२१. कैलास लेणं खोदून दीडशे वर्षं उलटली आहेत. वर मान्यखेटच्या गादीवर राष्ट्रकूटांचा तिसरा इंद्र आहे.

इथे तुम्हाला सोडत सापडणार नाही. तुम्हाला जायचंय दक्षिणेला, कांचीजवळच्या उत्तिरमेरूर गावी. तिथला राजा चोळ आहे, पहिला परांतक, आणि त्याच्या राज्याचं हे चौदावं वर्ष. आणखी अठ्ठावीस वर्षांनी, ९४९ मध्ये, वेरूळवाल्यांच्या तिसऱ्या कृष्णाचं सैन्य तक्कोलमच्या लढाईत याच परांतकाच्या मुलाला मारणार आहे आणि हा सगळा मुलूख ताब्यात घेणार आहे. म्हणजे तुम्ही शत्रूच्या गावात चाललात. तोंड बंद ठेवा, पाय धुवा आणि देवळाच्या मंडपात एका खांबाला टेकून बसा.

मंडप भरला आहे. पोरंटोरं आहेत, म्हातारे आहेत, देवळाचे पुजारी झाडून सगळे आहेत, कारण त्या दिवशी कुणी गैरहजर राहायचं नाही असा दंडक आहे. गावाचे तीस भाग. प्रत्येक भागाने आपल्याकडच्या पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून, भागाच्या नावाची चिठ्ठी वर लावून, जुडी बांधून आणली आहे. सगळ्यांत वयस्क पुजारी उठतो. मडकं दोन्ही हातांनी वर उचलतो, नजर वर, म्हणजे सगळ्यांना मडकं दिसावं. जवळ उभ्या असलेल्या एका लहान मुलाला पुढे बोलावतात. मडक्यात काय आहे हे ज्याला समजत नाही असाच मुलगा हवा.

तुम्ही खांबाला टेकलेले सरळ होता. ती रिबिनीवाली मुलगी तुम्ही आत्ताच पाहून आलात.

मुलगा एक जुडी काढतो. ती सोडून चिठ्ठ्या दुसऱ्या रिकाम्या मडक्यात टाकतात, मडकं हलवतात. मुलगा त्यातली एक काढतो आणि मध्यस्थाच्या हातावर ठेवतो. आता नीट बघा, कारण हे बघण्यासाठीच तुम्हाला एवढं लांब आणलं. मध्यस्थ चिठ्ठी घेताना पाचही बोटं फाकवतो. तळहात उघडा, आकाशाकडे. बोटांच्या बेचक्यात दुसरी चिठ्ठी दडवलेली नाही हे शेवटच्या माणसाला दिसलं पाहिजे. तो नाव वाचतो. मग तीच चिठ्ठी हजर असलेला प्रत्येक पुजारी वाचतो, एकामागून एक. तेव्हा कुठे नाव पक्कं.

असं तीसदा. तीस भागांतून तीस माणसं. त्यांतून वार्षिक कारभाराची समिती बाराजणांची, बागांची बाराजणांची, तळ्याची सहाजणांची. मुदत तीनशे साठ दिवस. अपराध आढळला तर मुदतीची वाट न बघता त्याच दिवशी घरी. हे सगळं मागाहून कुणी रचलेलं नाही, देवळाच्या दगडी भिंतीवर कोरलेलं आहे आणि आजही तिथे जाऊन वाचता येतं. २०२० च्या डिसेंबरात नव्या संसद भवनाच्या भूमिपूजनात पंतप्रधानांनी या गावाचं नाव घेतलं, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

आता एक सावधगिरी. हे ऐकून छाती फुगवणारे लोक पुढचा भाग वाचत नाहीत. मडक्यात नाव पडायला काय लागतं, तर सारा भरणारी स्वतःची जमीन, स्वतःच्या जागेवर घर, वय पस्तीस ते सत्तर, वेदांचं ज्ञान. गाव ब्राह्मणांचं, सभा ब्राह्मणांची. मंडपात एक बाई नाही. शेत कसणारा नाही, मडकं घडवणारा कुंभारही नाही. तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही, पण हा लेख वाचणाऱ्या दहांतल्या नवांना त्या मंडपात खांबालाही टेकू दिलं नसतं. मडकं निष्पक्षपाती असतंच. पक्षपात मडक्यात नाव टाकताना होतो.

तरी भिंतीवरच्या एका कलमापाशी तुम्ही थांबाच. कुणाची नावं टाकायची नाहीत त्याची यादी आहे. गेल्या तीन वर्षांत समितीवर होता तो नाही. खोटा दस्त केलेला नाही. गाढवावर बसलेला नाही. आणि मग: पूर्वी कुठल्याही समितीवर होता पण हिशेब दिला नाही, तो नाही. तो नाहीच, शिवाय त्याचा मावसभाऊ नाही. आतेभाऊ, मामेभाऊ नाही. मामा नाही, काका नाही, सख्खा भाऊ नाही. सासरा, मेहुणा, बहिणीचा नवरा, भाचा, जावई, बाप, मुलगा, कुणी कुणी नाही. दगडावर छिन्नीने एकेक नातं कोरलंय. त्या गावात कुणीतरी, कधीतरी, हिशेब बुडवून मेव्हण्याला पुढे केलं असणार. त्याशिवाय माणसं एवढ्या तपशिलात शिरत नाहीत.

यादी पुन्हा वाचा. बायको कुठे आहे? नाही. बाईचं नाव मुळात मडक्यात पडणारच नव्हतं, मग तिला वगळायचं कशाला! अकराशे वर्षांनी आपण तिचं नाव मडक्यात टाकलं, हे चांगलंच केलं. हिशेबाचं कलम मात्र आणायचं राहिलं. तिसऱ्या रांगेतला तो फोन याच फटीतून लागलेला आहे.

परतीच्या वाटेवर अथेन्सला क्षणभर डोकवा, फार थांबू नका. तिथे मडकं नाही, संगमरवराची शिळा आहे, तिला खाचांच्या रांगा. खाचांत लोक आपापल्या नावाच्या पट्ट्या खोचतात. बाजूच्या नळीतून पांढरी किंवा काळी गोटी पडते, तिच्यावरून पट्ट्यांची अख्खी ओळ आत किंवा बाहेर. पाचशेंचं मंडळ असंच भरायचं, दहा टोळ्यांतून पन्नास-पन्नास, आणि आयुष्यात दोनपेक्षा जास्त वेळा कुणी नाही. सेनापती मात्र ते हात वर करून निवडत, तिथे चिठ्ठी नको म्हणत. अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय की चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. आपल्याला हे उलटं वाटतं. पण ‘भावी नगरसेवक’चे फ्लेक्स मोजत आलेल्या माणसाला वाटू नये. बायका आणि गुलाम तिथेही बाहेरच होते. एक गोष्ट मात्र तिथून खिशात घालून आणा: न्यायदानाला बसणाऱ्याला ते दिवसाची मजुरी देत. आधी दोन ओबोल, नंतर तीन.

आता घरी या. कुठल्याही सालात या, सिडकोतल्या कुठल्याही स्वयंपाकघरात. महिन्याचा पहिला रविवार, भिशीच्या बायका जमल्या आहेत. पोह्यांचा वास, ओट्यावर चहाचं आधण. स्टीलच्या डब्यात बारा चिठ्ठ्या होत्या, आता सात उरल्या आहेत. शेजारच्या पोराला हाक मारतात, “ये रे सोन्या, काढ.” ज्या बाईचं नाव निघतं तिला रक्कम मिळते आणि तिची चिठ्ठी पुढच्या महिन्यापासून डब्यात नसते. वहीत सगळं लिहिलेलं. कुणी हप्ता थकवला तर पुढल्या भिशीत तिला घेत नाहीत, आणि तिची जाऊ आली तरी दहादा विचार करतात. उत्तिरमेरूरचं जवळजवळ अख्खं कलम इथे पाठ आहे. परांतकाचं नाव कुणीही ऐकलेलं नाही.

म्हणजे चिठ्ठीवर आपला विश्वास नाही असं नाही. सिडकोच्या घराला चिठ्ठी चालली, म्हाडाला चालते, शिक्षण हक्काच्या प्रवेशाला चालते. जागा कुणाच्या वाट्याची हे चिठ्ठीने ठरलेलं चालतं. माणूस चिठ्ठीने निवडायचा म्हटलं की आपल्या भुवया वर जातात. तेही झालंय. २३ फेब्रुवारी २०१७, मुंबई महापालिकेचा प्रभाग २२०. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा, दोघांना नेमकी ५,९४६ मतं. फेरमोजणीनेही निकाल लागला नाही. मग ईश्वरचिठ्ठी. शहा नगरसेवक झाले. आभाळ कोसळलं नाही, मुंबईचा कारभार दुसऱ्या दिवशी होता तसाच सुरू होता.

तुम्ही विचाराल, त्या ‘सौ.’चं पुढे काय झालं? रास्त प्रश्न आहे. सगळीकडे फोनवरचा नवराच कारभार हाकतो असं समजून चालणं हाही आळस आहे. मुंबईतच याचं उत्तर मिळतं. १९९७ मध्ये चिठ्ठीने महिलांसाठी राखीव झालेल्या वॉर्डांपैकी काही २००२ मध्ये खुले झाले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने ते तपासले. जिथे आधी आरक्षण होतं तिथे, आरक्षण उठल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता इतर वॉर्डांच्या सुमारे पाचपट निघाली. नवऱ्याच्या फोनने आत आलेल्यांपैकी काहीजणींनी फोन स्वतःच्या हातात घेतला, आणि बाई निवडून येऊ शकते हे पक्षांनाही कळलं. एका चिठ्ठीने एवढं काम केलं, ते कुठल्या जाहीरनाम्याने केलं नव्हतं.

पण फिरत्या आरक्षणाला दुसरी बाजू आहे. पाच वर्षांनी हा वॉर्ड आपल्याला मिळेल की नाही हे चिठ्ठी ठरवणार असेल, तर चौथ्या वर्षी गटार बांधून कुणाला काय दाखवायचं? भिशीत बाई पळून जात नाही, कारण ती त्याच गल्लीत राहते आणि वही त्याच डब्याखाली असते. आपल्या सोडतीत वॉर्ड फिरतो, माणूस फिरतो, वही मात्र कुणाच्याच घरी सापडत नाही.

शेवटची उडी जवळची आहे. एप्रिल २०२०. महापालिकेची मुदत संपते आणि सभागृहाला कुलूप लागतं. आधी साथ, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयातला तिढा, मग प्रभागरचना. निवडून आलेलं सभागृह नाही, चिठ्ठीने आलेलं नाही, सरकारने नेमलेला प्रशासक. याच काळात शहराची नवी पाणी योजना १,६८० कोटींवरून २,७४० कोटींवर गेली. जायकवाडी पन्नास किलोमीटरच्या आत, आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येणार याचा हिशेब घरोघरी कॅलेंडरवर. तुम्ही तेव्हा इथे असाल तर तुमच्याही कॅलेंडरवर गोल असतील. सोडत परत आली ११ नोव्हेंबर २०२५ ला. तोवर शहराचं नाव बदललं होतं, वॉर्डांचे प्रभाग झाले होते, २९ प्रभाग आणि ११५ जागा. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. जवळजवळ सहा वर्षांनी.

या प्रवासातून माझ्यापुरतं जे ठरलं ते सांगतो. सगळं सभागृह चिठ्ठीने भरावं असं मी म्हणणार नाही. नवख्या ११५ जणांना चार बिलंदर अधिकारी आठवड्याभरात खिशात घालतील, आणि पाच वर्षांनी मतदाराला झाडायला कुणी उरणार नाही. अथेन्सवाल्यांनी सेनापती चिठ्ठीने नेमले नाहीत, ते शहाणेच होते. पण महापालिकेच्या कायद्यात प्रभाग समित्या आहेत. तीन लाखांवरच्या शहरांना त्या घटनेनेच सांगितल्या आहेत. त्या समितीत नगरसेवकांशिवाय जास्तीत जास्त तीन जागा सामाजिक संस्थांच्या लोकांना असतात, आणि ती माणसं नगरसेवकच नेमतात. कुणाची वर्णी लागत असेल ते सांगायला नको. त्या तीन जागा सोडतीला काढा. कायद्यात एक दुरुस्ती, बस्स. बरणीत प्रभागाची अख्खी मतदार यादी. मुदत वर्षभर. बैठकीच्या दिवसाचा रोज द्या, नाहीतर वाळूजला शिफ्टला जाणारा पोरगा आणि धुण्याभांड्याची कामं करणारी बाई नाव निघूनही येणार नाहीत आणि त्या खुर्च्या पुन्हा निवृत्तांच्याच होतील.

आणि हिशेबाचं कलम. आधी बसून गेलेल्याने काय मंजूर केलं, किती खर्चलं ते वर्षअखेरीला चौकात फळ्यावर लावलं नसेल तर त्याचं नाव बरणीत नाही. त्याच्या मावसभावाचंही नाही. बायकोचं मात्र तिच्या स्वतःच्या हिशेबावर ठरवा, नवऱ्याच्या नको.

पुढची सोडत लागेल तेव्हा तासभर रजा काढून जा.  चिठ्ठी निघते तेव्हा सगळे बघतात. तुम्ही जरा लवकर पोचा आणि बरणीत चिठ्ठ्या टाकतात तेव्हा बघा.